चालू मशीनची पूजा

जाळी उघडण्या-लावण्यात वेळ जातो, म्हणून दळवीशेठनी कारखान्यातल्या प्रेस मशीनची सुरक्षा जाळीच काढून टाकली. महिन्याभरात सदू खिलारेची दोन बोटं मशीनखाली गेली. शेठ म्हणाले, "त्याचं लक्ष नव्हतं. लक्ष असलं की काही होत नाही." आणि सदूला घरी बसवलं!

खंडेनवमीला शेठ रेशमी कुर्ता घालून मशीनची पूजा करायला आले. 'मालक म्हणजे कामगारांचा बाप' असं भाषण ठोकून त्यांनी कुंकवाचं ताट उचललं. तेवढ्यात मशीन चालवणाऱ्या सुलभा ढमालेनं बटण दाबलं. मशीन धाडधाड दणके देऊ लागलं.

"अगं, बंद कर आधी!"

"बंद करण्यात वेळ जातो, शेठ. दणका पडतो तिथंच कुंकू लावा."

"हात जाईल माझा!"

"कसा जाईल? तुमचं तर लक्ष आहे!"

शेठचा हात मागे आला. सुलभानं मशीन बंद केलं आणि अडगळीतली जाळी आणून त्यांच्यापुढे आपटली.

"बाप म्हणवता ना? मग आधी हिला बसवा. आणि सदूला बोलवा, नारळ तोच फोडेल. उरलेल्या तीन बोटांनी."