सुटलेली गाठ

फार मागे कधीतरी, विहिरीवर झुकलेल्या एका बाभळीवर सुगरण पक्ष्यांची वस्ती होती. घरटी नरांनी विणायची आणि माद्यांनी ती पारखायची, अशी तिथली रीत. पण रेवू नावाच्या मादी पिल्लाला विणायचाच नाद.

"अगं, मुलगी आहे की मुलगा?" शेजारणी तिच्या आईला हसायच्या. "हिला घरटं दाखवायला कोण येईल?"

आई दचकायची. रेवूच्या चोचीतलं गवताचं पातं ओढून विहिरीत टाकायची. "तुझ्याच भल्यासाठी गं," म्हणायची. शेवटी रेवूने पातं उचलणंच सोडलं. वस्तीने आईचं कौतुक केलं.

पुढे रेवूने संसार थाटला. घरटं दिसायला देखणं होतं. तिने अंडी घातली आणि चौथ्या दिवशी, नर चाऱ्याला गेलेला असताना, वादळ आलं. फांदीवरची गाठ सुटू लागली.

आई धावत आली. "बघत काय बसलीस? आवळ ना! लहानपणी तुला सगळं येत होतं!"

फांदीला बिलगलेल्या रेवूने गाठीपाशी चोच नेली आणि तशीच थांबली.

"येत होतं, आई."

घरटं विहिरीत पडलं, तेव्हा फारसा आवाजही झाला नाही.