जाड पायांचा बैल

एका गावात एक बालवाडी होती आणि ती यमुनाबाई चालवत. बाई मायाळू होत्या, कष्टाळूही होत्या. फक्त चारचौघांत आपलं कौतुक व्हावं, एवढी एक हौस त्यांना सुटत नव्हती.

पोळा जवळ आला तशी बाईंनी पोरांना माती मळून दिली आणि बैल करायला सांगितले. पोरांचेच बैल ते! कुणाला शिंगं नव्हती, कुणाची मान पोटात शिरलेली. चार वर्षांच्या ठकूचा बैल तर सारखा तोंडावर पडायचा. तीन दिवस ती त्याच्याशी झटली, तेव्हा कुठे तो उभा राहिला.

पोळ्याला सगळ्यांच्या आया आणि सरपंचीणबाई बालवाडी बघायला येणार होत्या. असले वेडेबागडे बैल बघून त्या आपल्याला नावं ठेवतील, अशी धास्ती बाईंना पडली. पोरं घरी गेल्यावर त्यांनी सगळे बैल पाण्याच्या बादलीत टाकले. मग ताज्या मातीचे सुबक बैल स्वतः केले आणि प्रत्येकापुढे एकेका पोराच्या नावाची चिठ्ठी ठेवली.

पोळ्याच्या दिवशी आया हरखल्या. सरपंचीणबाईंनी ठकूला तिच्या नावाचा बैल दाखवून विचारलं, की यातून तू काय शिकलीस? ठकूने बैल उचलला, उलटा केला, पाय चाचपले आणि खाली ठेवला.

"ह्यो माझा न्हाई. माझ्या बैलाचं म्होरलं पाय जाड व्हतं. आधी बारीक केलं, तर त्यो पडायचा. मंग जाड केलं, तर उभा ऱ्हायला."

ठकूची आई ओशाळली. तिने पोरीचं बखोट धरलं, खोटं बोलू नको म्हणून दटावलं आणि हात उगारला. बाईंना सगळं दिसत होतं. ठकूने बाईंकडे पाहिलं.

"बाई, मला आलं नव्हतं का?"

बाईंच्या काळजाचं पाणी झालं. आपण एवढ्याशा जिवाला त्याच्याच हातांवर शंका घ्यायला लावली, याची त्यांना भयंकर लाज वाटली. त्यांनी आईचा हात धरला आणि सगळ्यांदेखत सांगितलं, "पोरगी खरं बोलतेय. तिला आलं होतं. तुम्हाला दाखवायला मी पोरांचे बैल मोडले आणि हे केले."

बाईंनी कोपऱ्यातली बादली पुढे आणली. तिच्या तळाशी नुसता गाळ होता. ठकूने त्यात हात घालून पाहिला.

"असू द्या, बाई. म्या दुसरा करते. मला येतो."

ती खाली बसून माती थापू लागली. तिच्याकडे बघायचा धीर बाईंना दिवसभर झाला नाही.

तात्पर्य: लेकराच्या हातचं वाकडं काम हीच त्याच्या शिकण्याची खूण असते आणि ती त्याला बरोबर ओळखू येते; आपल्या कौतुकासाठी ती कधी पुसू नये.