मापाडी आणि अंबाडीचा दोर

फार फार मागं, किती मागं ते विचारू नका, कारण तेव्हा राज्यात मोजणारा माणूस एकच होता आणि तो बाजारात जोंधळे मोजत असे, तेव्हाची ही गोष्ट.

त्या राज्यात समोरासमोर दोन डोंगर होते. मधल्या दरीवरचा पूल वादळात तुटला. अंबाडी पिकायची अलीकडच्या डोंगरावर आणि तिचा दोर वळता येणारे एकटे गुरुजी अडकले पलीकडे. तेव्हा राणीनं ठरवलं, गुरुजींनी पलीकडून भोंग्यातून शिकवावं आणि अलीकडच्या मुलांनी कड्यावर बसून नव्या पुलाचा दोर वळावा.

ऊन असलं की गुरुजींचे हात दिसत, पण आवाज वारा घेऊन जाई. धुकं असलं की आवाज येई, गुरुजी दिसत नसत. मुलं ओरडत, "गुरुजी, तुम्ही दिसत नाही." गुरुजी ओरडत, "मी इथंच आहे." तेवढ्यात धडा संपे.

हे शिकणं पोचतंय किती? राणीनं मापाड्याला बोलावलं. "नीट मोज," ती म्हणाली. "दोर झाला की त्याला पहिला तूच लटकशील."

जन्मभर मापाड्यानं ज्वारी मोजली, तेल मोजलं, एकदा एका नवरदेवाची उंचीही मोजली होती. पण डोक्यात काय शिरलं ते मोजायचं माप त्याच्याकडं नव्हतं.

मग त्याला युक्ती सुचली. कड्यावरच्या उंबरावर कबुतरं बसत. गुरुजी विचारत, कळलं का? मुलं म्हणत, कळलं. त्या आवाजानं कबुतरं उडाली तर शिकणं पोचलं, बसून राहिली तर नाही पोचलं. माप सोपं होतं, शिवाय उंबराखाली आडवं पडून करता येत होतं.

कबुतरं उडाली की मुलांना गूळ-शेंगदाणे मिळत आणि गुरुजींना राणीची शाबासकी. मुलं हुशारच. गूळ कशानं मिळतो हे त्यांना दोराच्या आधी कळलं. गुरुजीही कच्चे नव्हते, ते घडोघडी विचारू लागले. एक मुलगी तेवढी "पण गुरुजी" म्हणत उठायची. तिला बाकीचे हात धरून खाली बसवायचे.

मापाड्यानं राणीला निरोप धाडला, शिकणं काठोकाठ पोचलं. बिचाऱ्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

दोर तयार झाला. राणी आली. मापाड्याच्या कमरेला दोर बांधला. त्यानं मुलांना शेवटचं विचारलं, मुलं कळलं म्हणून ओरडली, कबुतरं भुर्रकन उडाली आणि मापाडी निर्धास्त होऊन कड्यावरून लटकला.

लटकला तो भोवऱ्यासारखा फिरू लागला. डोंगर, राणी, डोंगर, राणी. पीळ उलगडत गेला, पेड सुटे झाले आणि मापाडी खालच्या करवंदीच्या जाळीत जाऊन बसला. पुढं बरेच दिवस त्याला कुठंच बसता आलं नाही, ती गोष्ट वेगळी.

जाळीतूनच त्यानं विचारलं, "काय कळलं नव्हतं, ते सांगा रे कुणीतरी."

ती मुलगी पुढं आली. "काका, पेड एका बाजूला पिळायचे आणि दोर उलट बाजूला वळायचा, तर तो टिकतो. पेडांचा धडा धुक्यात झाला. गुरुजी म्हणाले उजवीकडं, आम्ही उजवीकडं पिळले. दोराचा धडा उन्हात झाला. काही ऐकू येईना, म्हणून त्यांचे हात बघून वळला. ते समोर तोंड करून बसलेले. त्यांचं डावं ते आमचं उजवं. दोन्ही पीळ एकाच बाजूला बसले."

"मग विचारलं का नाहीस?"

"तुम्ही कबुतरं बघत होता ना."

मापाड्याला शिडी लावून वर काढलं. राणीनं त्याला काढून टाकलं नाही. चुकलेलं माप अंगाला इतकं लागलेला माणूस दुसरा कुठं मिळणार?

पुढं रोज मुलं आपापल्या दोराचा तुकडा गोफणीनं पलीकडं भिरकावू लागली. गुरुजी तो ताणून बघत. सुटला की आपलं सांगणं कुठं चुकलं ते त्यांनाही उमगे. मग ते मुलांकडं पाठ करून, हात डोक्यावर धरून बसत, म्हणजे हात दिसत आणि त्यांचं उजवं ते मुलांचं उजवं होई. 'नाही कळलं' म्हणणाऱ्यालाही गूळ मिळू लागला.

नवा पूल बांधला, तेव्हा पहिला कोण जाणार हे ठरायच्या आत मुलंच गुरुजींकडं पळत सुटली. मापाड्याला कुणी विचारलंसुद्धा नाही.

लहानथोरांनो, घ्यायचं ते एवढंच: शिकवलेलं किती पोचलं हे होकाराच्या आवाजावरून मोजू नये, काय पोचलं नाही ते आधी विचारावं.