पारावरचं सगळं खोतांचं

करंजोळ गावात शिमगा सरला की ज्याला जे नको ते त्याने पारावर ठेवायचं आणि ज्याला हवं त्याने न्यायचं, अशी रीत होती. देण्यासारखी वस्तू नसेल, तर माणसाने स्वतः पारावर बसून आपला हुन्नर सांगायचा. मग गरजवंत त्यालाच घरी घेऊन जाई.

यंदा दिवस भरत आलेल्या शेवंतेने पारावरच्या पाळण्याला हात घातला, तोच भिकाजी खोत गरजले, "पार माझ्या जमिनीत आहे. पारावर आहे ते सगळं माझं! गड्यांनो, उचला!"

शेवंता रडकुंडीला आली. तिची सासू आवडाकाकू मात्र पदर खोचून पारावर चढली आणि पाळण्याशेजारी ऐसपैस मांडी घालून बसली.

"माझा हुन्नर भांडणाचा," ती म्हणाली. "अख्ख्या गावाला ठाऊक आहे. आता तोही खोतांचाच झाला. चला, घरी न्या मला. उद्या पहाटेपासून सुरू करते."

गडी जागीच थबकले. खोतांना घाम फुटला.

"काकू, पाळणा घेऊन जा की!"

"आधी सांगा, पार कोणाचा?"

"गावाचा!"

काकू खाली उतरली. शेवंतेचा जीव भांड्यात पडला, पण तिच्याहून मोठा सुस्कारा सोडला तो खोतांनी.