सरजाक्काच्या चुलीवरची गोवरी

भक्तजनहो, त्या श्रावणात दयानाथ महाराज नदीकाठच्या कोथळवाडीत मुक्कामाला होते. पूर नुकताच ओसरला होता. घराघरात चिखल, गोठ्यांत मेलेली जनावरे, कणगीत कुजलेले धान्य! पण गावाने आधी काय केले, तर वाजतगाजत नदीची ओटी भरली. देवळातल्या विहिरीत पुराचे पाणी शिरले होते. गंगामाईचे तीर्थ म्हणून पुजारी विश्वंभरपंत तेच पळीपळीने वाटू लागले.

महाराज म्हणाले, "बाळांनो, नदी आपली माहेरवाशीण. तिची ओटी भरलीत, छान केलंत. पण लेक सासरी गेली की घर आवरायचं असतं ना? घाण लांब नेऊन पुरा, विहीर उपसा, तोवर पाणी उकळून प्या."

ऐकले एकट्या सरजाक्काने. पुरात घर गेलेली विधवा बाई ती. पण महाराजांचा शब्द तिला प्राणापलीकडे. गावात वाळके सरपण उरले नव्हते, म्हणून महाराजांनी आपल्या धुनीतली एक पेटती गोवरी तिला दिली. देवळामागे तीन दगड मांडून तिने त्याच विहिरीच्या पाण्याचे मडके चढवले.

"तीर्थ शिजवतेस काय गं?" पंत म्हणाले. "आता देवालाही फोडणी दे!" मंडळी खो खो हसली. सरजाक्का खाली वाकून चूल फुंकत राहिली. डोळे मात्र भरून आले.

दोनच दिवसांत पंतांच्या नातवाला, लहानग्या मुकुंदाला, जुलाब-उलट्या सुरू झाल्या. डोळे खोल गेले, पोर मान टाकू लागले. पंत त्याला उचलून महाराजांकडे धावले. महाराज म्हणाले, "सरजे, तुझं पाणी आण. मीठ-गूळ घालून घोट घोट पाज."

"अक्का, देशील ना?" पंतांनी हात जोडले.

"असं काय इचारता, काका? लेकरू काय तुमचं एकट्याचं हाय?" तिने पोराला मांडीवर घेतले.

हळूहळू घरोघरची आजारी माणसे येऊ लागली. मडक्यामागून मडके उकळत राहिले. चुलीपाशी बसलेल्या पंतांनी आत पाहिले आणि त्यांच्या अंगावर काटा आला. महाराजांनी दिलेली ती एकच गोवरी अजून तशीच धगधगत होती! धन्य ते महाराज!

सांजावता मुकुंदाने डोळे उघडले. "आजोबा, भूक लागली."

पंतांनी महाराजांचे पाय धरले. महाराज हळूच म्हणाले, "माझे कशाला? जिला हसलात, तिचे धरा."

पंत वळताच सरजाक्का संकोचून मागे सरली. "नगा, काका. त्या विहिरीचं तेवढं बघा."

दुसऱ्या दिवशी पंत धोतर खोचून सगळ्यांच्या आधी विहिरीत उतरले. गाव मागोमाग आले. घाण पुरली गेली, विहीर तळापर्यंत उपसली, नितळ पाणी वर आले, आणि तेव्हा कुठे त्या गोवरीची राख झाली. पंतांनी गुडघे टेकून सरजाक्काच्या चुलीला नमस्कार केला आणि तीच राख अंगारा म्हणून कपाळी लावली.