गाण्याआधीचे दहा सेकंद

“मग उद्या पुढे बसून मी गायचं की नाही, बुवा?”

शार्दूलने अखेर विचारलंच. नऊ वर्षं तो भार्गवबुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसत होता. उद्या बुवांच्या गुरूंच्या, थोरल्या बुवांच्या, पुण्यतिथीची मैफल होती. नऊ वर्षांत माणसाची पाठही अवघडते आणि मनही.

“आधी तुझं काम ऐकव,” बुवा म्हणाले.

थोरल्या बुवांच्या गाण्याची एकच टेप उरली होती, तीही खरखरणारी. शार्दूलने ती कॉम्प्युटरवर घेतली आणि आवाज साफ करणारे प्लगइन शोधून काढले. पहिला इन्स्टॉलच होईना. दुसऱ्याने कॉम्प्युटर बंद पाडला. तिसरा एकदाचा बसला.

“ऐका आता. खरखर औषधालाही सापडायची नाही.”

थोरल्या बुवांचा आवाज आला. लख्ख. भोवती काहीच नाही.

बुवा डोळे मिटून ऐकत राहिले.

“फार एकटे वाटतात रे...”

शार्दूलला हसू आलं. “सगळा गोंगाट गेलाय ना, म्हणून.”

“गोंगाट कुठला, हे त्याला कसं कळलं?”

“आपणच दाखवायचा असतो. गाणं सुरू व्हायच्या आधीचे दहा सेकंद मी त्याला दिले. म्हटलं, असं जे जे असेल ते सगळीकडून काढ.”

“काय होतं त्या दहा सेकंदांत?”

“काही नाही. नुसती खरखर, आणि...”

शार्दूलची नजर तंबोऱ्याकडे गेली.

बुवा गुडघ्यावर हात टेकून उठले. कोपऱ्यातला तंबोरा त्यांनी घेतला आणि स्पीकरच्या मागे जाऊन बसले. खुंट्या पिळून स्वर जुळवला. छेडू लागले.

मघापासून अधांतरी असलेला तो आवाज खाली टेकला.

गाणं संपलं. बुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी ते पुसलं नाही.

“त्या दिवशी तंबोऱ्यावर कोण होतं, बुवा?”

“मी. मागे बसण्याचं माझं चौदावं वर्ष.”

शार्दूलची मान खाली गेली. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि ती वाटायलाच हवी होती.

“मूळ टेप तशीच आहे, बुवा. हा प्लगइन आत्ता काढून टाकतो.”

“त्याला कशाला काढतोस? तू सांगितलंस तेवढंच त्याने केलं.”

“...चुकलो. उद्या मी मागेच बसतो.”

बुवांनी तंबोऱ्याला गवसणी घातली. नाडी नीट बांधली.

“नाही. उद्या तू गा. मागे मी बसतो.”