भांडारातली सर्वांत मळकी पोथी

फार फार जुनी गोष्ट. पोथ्या हातानं लिहायचे, त्या काळातली. एका राज्यात राजाचं मोठं ग्रंथभांडार होतं आणि ते सांभाळणारा एक म्हातारा भांडारी होता. दरवर्षी दसऱ्याला सगळ्या पोथ्या दरबारात मांडायच्या, राजानं पानं निरखायची आणि कुठेही डाग नसेल तर भांडाऱ्याला शाल द्यायची, अशी तिथली रीत. डाग सापडला, तर भांडाराच्या किल्ल्या काढून घ्यायच्या.

भांडाऱ्याच्या घराण्यात शाल कधी चुकली नव्हती. त्याचा त्याला केवढा तोरा! पोथ्या रेशमी रुमालात घट्ट बांधलेल्या. वाचायला कुणी आलंच, तर तो असे काही डोळे वटारायचा, की माणूस दारातूनच परत फिरायचा. त्यामुळे पोथ्या अगदी स्वच्छ राहिल्या होत्या. राहणारच!

राजवाड्याच्या मागच्या अंगणात नोकरचाकरांची चिल्लीपिल्ली दिवसभर भांडायची. माहुताची सगुणा तर सरळ चावायची. त्यांना सांभाळणाऱ्या दाईनं राणीकडे एक पोथी मागितली. राणीनं हुकूम दिला. भांडाऱ्यानं नाइलाजानं सगळ्यात लहान पोथी काढली, कळपातून चुकलेल्या हत्तीच्या पिल्लाची.

"हात धुवून, आणि लांबून दाखव," त्यानं बजावलं.

"लांबून?" दाई हसली. "मांडीवर घेतल्याशिवाय मुलं ऐकतात होय, काका?"

दाई रोज मुलांचं बोट अक्षरांखाली फिरवत थोडंथोडं वाचायची. मध्येच थांबून "आता पिल्लाला काय वाटलं असेल?" असं विचारायची आणि मुलांना बोलतं करायची.

दसरा जवळ आला तसा भांडारी पोथी न्यायला अंगणात गेला. ती उघडली आणि त्याच्या पायाखालची जमीनच सरकली. पानांना गुळाची बोटं लागली होती. कोपरे दुमडले होते. पिल्लू एकटं रडतं त्या पानावरची शाई तर बोटं फिरून फिरून फिकी पडली होती.

"दाई, घात केलास गं! माझ्या घराण्याची अब्रू गेली!"

दाई काही बोलणार, तोच आचाऱ्याचा धाकटा मुलगा भोकाड पसरून रडायला लागला. त्याची आई नुकतीच कामाला गेली होती. सगुणा उठली. भांडाऱ्याच्या हातातली पोथी तिनं खुशाल ओढून घेतली, पोराच्या शेजारी बसून ते पान काढलं आणि अक्षरांखाली बोट धरून वाचू लागली, "पि...ल्लू ए...क...टं हो...तं."

मग वर बघून तिनं विचारलं, "तुला पण तसंच वाटतंय का रे?"

पोरानं नाक पुसत मान हलवली.

"मग पुढे ऐक. त्याची आई येते."

पोर तिला टेकून ऐकू लागलं. भांडारी मटकन खाली बसला. आयुष्यभर पोथ्या सांभाळल्या, पण पोथीनं कुणाचं रडू थांबलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं. त्याला स्वतःची लाज वाटली, आणि त्या पोरीचा इतका अभिमान वाटला, की त्याचे डोळे भरून आले.

दसऱ्याला ती पोथी लपवणं काही अवघड नव्हतं. त्यानं ती सगळ्यांच्या वर ठेवली.

राजाच्या कपाळाला आठ्या पडल्या. "ही कुणी मळवली?"

"वाचणाऱ्यांनी, महाराज," भांडारी ताठ मानेनं म्हणाला. "किल्ल्या खुशाल घ्या. पण आधी वाचणारी बघा."

सगुणानं भर दरबारात ती पोथी वाचली. अडखळली, थांबली, पुन्हा वाचू लागली. पिल्लाला आई भेटली, तेव्हा सेनापतींनी हळूच डोळे टिपले.

राजानं स्वतः उठून भांडाऱ्याच्या खांद्यावर शाल घातली आणि तिथल्या तिथे रीत बदलली. पुढच्या दसऱ्यापासून ज्या पोथीवर एकही डाग नसेल, तिच्याबद्दल भांडाऱ्याला जाब विचारला जाऊ लागला.

तात्पर्य काय, तर पुस्तक लहानग्यांच्या हाती द्यावं. ते मळतं खरं, पण मुलांना अक्षर कळतं आणि दुसऱ्याचं मनही कळतं.